युरियाचं पोतं आणि उसाचा काटा

शिरोळ तालुक्यात आमचं कृषी सेवा केंद्र आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, आता मी बघते. आडसाली (पावसाळ्यात लावलेल्या) उसाच्या भरणीचे, म्हणजे माती लावायचे दिवस आले की सकाळपासून एकच हाक असते, "वैनी, युरिया आलाय का?" माती परीक्षणाचा कागद बऱ्याच जणांकडे असतो. नत्र, म्हणजे युरियातून मिळणारं नायट्रोजन, किती द्यायचं ते त्यावर लिहिलेलं असतं, तरी पोती त्याहून जास्त जातात. शेतकऱ्याला कळत नाही म्हणून असं होतं, ही भाषणं मी पुष्कळ ऐकलीत. मला ती पटत नाहीत. दुकानात उभं राहून दर बघा, मग बोला.

युरियाचं ४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना. स्फुरद (फॉस्फरस) देणाऱ्या डीएपीचं ५० किलोचं १३५० ला. पालाश देणारं पोटॅश तर विचारूच नका. ही दरी २०१० पासून वाढली. त्या वर्षी स्फुरद-पालाशाच्या खतांना अन्नद्रव्याच्या हिशोबाने ठरावीक अनुदान सुरू झालं आणि त्यांचे दर कंपन्यांवर सोडले. युरिया त्यातून बाहेर ठेवला, त्याचा दर आजही सरकारच ठरवतं. २०२२ मध्ये सरकारनेच सांगितलं होतं, की अनुदान नसतं तर युरियाचं पोतं २४५० रुपयांना पडलं असतं. हातात हजार रुपये असलेला माणूस त्यात काय घेईल? पिवळा पडलेला ऊस आठ दिवसांत हिरवागार करणारी दुसरी स्वस्त वस्तू माझ्याकडे नाही.

पण खरी गोम कारखान्याच्या काट्यावर आहे, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यासाठी (उतारा म्हणजे उसातून निघणारी साखर) क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी (सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर) ठरली, वरच्या दर ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे. हा उतारा अख्ख्या कारखान्याचा सरासरी धरतात. माझ्या उसाचं होतं ते फक्त वजन. जादा नत्र, त्यातही उशिरा दिलेलं, ऊस लुसलुशीत वाढवतं आणि रसातली साखर कमी करतं. टनेज वाढलं त्याचा पैसा एकट्याला, उतारा घटला त्याचा तोटा हजारो सभासदांत वाटून. आमचे एक जुने गिऱ्हाईक आप्पा म्हणतात, "वैनी, वजन भरतंय तवर गोडी कोण बघतंय?" आप्पांचा हिशोब बरोबर आहे. दरच तसे लावलेत.

पाण्याचंही तेच. उपशाची पाणीपट्टी एकरावर, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाला २०२४ पासून वीजबिल माफ. पाणी कमी दिलं म्हणून कुणाचा रुपया वाचत नाही. त्या पाण्याबरोबर पिकाने न घेतलेलं नत्र खाली विहिरीत आणि पुढे पंचगंगेत उतरतं. शहरांचं सांडपाणी तर नदीत येतंच, त्यात ही भर, आणि केंदाळ (जलपर्णी) फोफावतं. थोडं नत्र वायू होऊन हवेत जातं. तो नायट्रस ऑक्साइड तापमानवाढीत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट जोरकस आहे. अतिपाण्याने जमीन क्षारपड झाली ती वेगळीच. आमच्या तालुक्यात लोक रानाखाली सच्छिद्र पाईप गाडून ती परत पिकाखाली आणताहेत, त्यासाठी कर्ज काढताहेत.

यावर वरून साखर निर्यातीला मदत. २०१९-२० मध्ये टनाला १०,४४८ रुपये होती. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला जागतिक व्यापार संघटनेत गेले, २०२१ च्या डिसेंबरात निकाल भारताविरुद्ध लागला. तो सगळा वाद सरकारी मदतीचा आणि व्यापाराचा होता. त्या साखरेसाठी आमच्या रानातलं किती पाणी आणि नत्र गेलं, हा त्यात मुद्दाच नव्हता.

मग युरिया महाग करा, असं मी म्हणते का? एका रात्रीत नक्कीच नाही. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात अचानक बंद केली, काही महिन्यांत निर्णय फिरवावा लागला, तरी भाताचं पीक कोसळलंच. दर हळूहळू वाढवावा आणि वाचलेलं अनुदान एकरी हिशोबाने शेतकऱ्याच्या खात्यात रोख टाकावं. खत वाचवणाऱ्या राज्याला वाचलेल्या अनुदानाचा निम्मा भाग देणारी पीएम-प्रणाम योजना २०२३ मध्ये आली, पण ते पैसे राज्याला. उद्या आप्पांनी पोती कमी नेली, तर त्यांच्या हाती त्यातून काय पडेल? शिवाय एकरी रोख सातबाऱ्यावर दिली तर खंडाने रान करणारा कोरडा राहील. आमच्याकडे असे खूप आहेत, त्यांची नोंद आधी व्हायला हवी.

आणि क्रम महत्त्वाचा. प्रत्येक खेपेची साखर तपासणं अवघड आहे हे मान्य. पण गटवार नमुने घेऊन गोड उसाला चार पैसे जादा देणं कारखान्यांना जमण्यासारखं आहे. आधी ते सुरू करा, दोन हंगाम लोकांना ऊसबिलाच्या पट्टीत फरक दिसू दे. त्यानंतर युरियाच्या दराला हात घाला.