पायाने चालणारा सिरिंज पंप बनवताना आलेला अनुभव (आणि तो फॉर्म!)

मशीन कधीचं तयार होतं, पण पेशंटवर वापरायची परवानगी मिळेपर्यंत जो वेळ गेला त्याचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितोय.

आमचं वर्कशॉप कुपवाड एमआयडीसीत. मिरजेतल्या एका भूलतज्ज्ञ मॅडमनी अडचण सांगितली, की सोनोग्राफीवर बघून नर्व्ह ब्लॉक (नसेजवळ औषध सोडून तेवढाच भाग बधिर करणं) देताना एका हातात प्रोब, दुसऱ्यात सुई, मग सिरिंज दाबायला सिस्टर लागतात, त्यांना सारखं "ओढा, थांबा, आता दाबा" सांगायचं आणि त्या किती जोराने दाबतायत ते मॅडमना कळत नाही. म्हणून आम्ही स्टेपर मोटर (थोड्या थोड्या टप्प्यांनी फिरणारी), तिचं फिरणं सरळ ढकलण्यात बदलणारा लीड स्क्रू आणि खाली दोन पेडल असं बनवलं. एक औषध ढकलायला, दुसरं मागे ओढून रक्त येतंय का बघायला. पाय उचलला की मोटर लगेच थांबते. प्लंजरमागे (सिरिंजच्या दट्ट्यामागे) लोड सेल, म्हणजे जोर मोजणारा सेन्सर आहे, कारण प्रेशर १५ पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं माप) वर गेलं तर सुईचं टोक नर्व्हच्या आत असू शकतं. २० एमएलच्या सिरिंजला हा जोर साधारण ३ किलो होतो, त्याच्या आधीच मोटर बंद पडते. हे सगळं मजेत झालं.

अडलं ते एथिक्स कमिटीच्या (पेशंटवरच्या अभ्यासाला परवानगी देणाऱ्या समितीच्या) फॉर्मवर. संस्थेचं नाव घेत नाही. फॉर्म सगळा औषधांच्या ट्रायलसाठी बनवलेला. औषधाचं नाव, डोस, बॅच नंबर, किती दिवस देणार. अहो, औषध तेच रोजचं बधिर करायचं बुपिव्हाकेन, आम्ही तपासतोय मशीन! "लागू नाही" लिहिलं तर रकाना अपूर्ण म्हणून फाईल परत. बुपिव्हाकेन लिहिलं तर मंजूर असलेल्या औषधाची परत ट्रायल कशाला असं विचारून परत. काउंटरवर विचारलं की "साहेबांना भेटा", साहेब म्हणणार "काउंटरवर द्या". त्यात एकदा वकील मेंबर आले नाहीत म्हणून मीटिंगच रद्द. कोरमला (मीटिंग चालायला लागणाऱ्या हजेरीला) किमान ५ जण लागतात आणि त्यात वकील पाहिजेच, नियम बरोबर आहे, पण आदल्या दिवशी एक फोन तरी करायचा ना, मॅडम ऑपरेशनची लिस्ट पुढे ढकलून आल्या होत्या.

शेवटी कमिटीतल्याच फार्माकॉलॉजीच्या सरांनी तोंडी सांगितलं, की औषधाच्या रकान्यात "प्रचलित औषध, नेहमीचा डोस, अभ्यास फक्त उपकरणाचा" लिहा आणि उपकरणाची माहिती वेगळ्या पानावर जोडा. तसं दिलं आणि मंजूर झालं. एवढं एक वाक्य काउंटरवर कागदावर लिहून लावायला काय हरकत आहे?

हां, अजून एक, मेडिकल डिव्हाइस रूल्स २०१७ प्रमाणे टेस्टिंगसाठी उपकरण बनवायलाही लायसन्स लागतं. एमडी-१२ मध्ये अर्ज, एमडी-१३ मध्ये लायसन्स. त्याची तयारी डिझाइन चालू असतानाच करा. आणि तोपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका, जिलेटिनच्या ठोकळ्यात किंवा चिकनच्या तुकड्यात सलाईन सोडून भरपूर सराव होतो, आमच्या पेडलचा वेग तिथेच ठरला. सिस्टरना पण बोलवा. लाईट गेली तर सिरिंज एका झटक्यात हाताने सुटली पाहिजे हे आम्हाला त्यांनीच सांगितलं, आणि त्यासाठी लावलेली खिट्टी मला सगळ्या मशीनमध्ये जास्त आवडते.

उपकरणांसाठी वेगळा फॉर्म करा असं पत्र मी त्या ऑफिसला दिलंय, आवकचा शिक्का मारून घेतलाय. महिन्याअखेरीस परत विचारायला जाणार आहे.