माळीणला जाताना: कोणती माळीण, हे आधी ठरवा

डिंभ्याला चहा घेताना रस्ता विचारला, तर टपरीवरच्या बाबांनी उलट विचारलं, “जुन्या माळीणला का नव्या?” मोबाईलच्या नकाशावर एक ठिपका होता. प्रत्यक्षात गावं दोन आहेत.

पुण्याहून नाशिक रस्त्याने मंचर, तिथून डावीकडे घोडेगाव, मग डिंभे. तालुक्याचं ठिकाण घोडेगाव, नाव मात्र आंबेगाव तालुका. ते मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं. पुढे भीमाशंकरच्या रस्त्याला न लागता अडिवरे विचारत जायचं. थांबत थांबत गेलो, साडेतीन तास लागले. पेट्रोल मंचरलाच भरा, पैसे रोख ठेवा. डिंभ्यानंतर रेंज येते-जाते, म्हणून कुठे चाललोय ते घरी आधीच कळवा.

30 जुलै 2014 च्या सकाळी डोंगर खाली आला आणि जुनी माळीण गाडली गेली. नेहमीची एसटी घेऊन आलेल्या चालकाला गाव जागेवर दिसेना, पहिली खबर त्यांनीच दिली. 151 माणसं गेली. तेव्हाच्या बातम्यांत माळीणची लोकसंख्या सातशेच्या आसपास सांगत होते. मला वाटायचं, म्हणजे बहुतेक गाव वाचलं. तिथे गेल्यावर चूक कळली. त्या सातशेत आजूबाजूच्या वाड्याही मोजलेल्या. डोंगर आला तो गावठाणावर, आणि गावठाणात फार थोडे उरले. स्मृतिस्तंभावरची नावं वाचताना आडनावं पुन्हा पुन्हा तीच येतात. आम्ही सगळी वाचली. तुम्हीही वाचा, घाई करू नका. तिथे सेल्फी काढू नका, डबा उघडून बसू नका, ही कळकळीची विनंती.

नवी माळीण आमड्याच्या हद्दीत आहे. 2 एप्रिल 2017 ला घरं लोकांच्या ताब्यात दिली, आणि त्याच वर्षी पहिल्या पावसात तिथल्या भरावांना तडे गेले. डोंगराखालून उठून आलेल्यांनी ती रात्र कशी काढली असेल, हे मनातून जात नाही. आज रांगेतली पक्की घरं, अंगणात भात वाळत घातलेलं. वस्ती मुख्यतः महादेव कोळी समाजाची. भात आणि हिरडा यांवर घर चालतं. एका आजींनी पाणी दिलं, बसा म्हणाल्या. त्या दिवसाचं आम्ही काही विचारलं नाही, त्यांनी भावाचं सांगितलं. हिरड्याच्या भावाचं. हिरडा, तांदूळ मिळाला तर त्यांच्याकडूनच घ्या, घासाघीस करू नका.

जून ते सप्टेंबर जाऊ नका. हिरवाई सुंदर असते, पण त्या दिवसांत जोराची सर आली की तिथल्या माणसाची नजर आधी डोंगराकडे जाते. नोव्हेंबर-डिसेंबर चांगला. एसटीने जाणार असाल तर उतरतानाच परतीची शेवटची गाडी चालकाला विचारून ठेवा.