ताकासारखं सीरम

डिसेंबरात चोपड्याला सकाळी साडेसहाला लॅबचं शटर उचलायचं म्हणजे लोखंड हाताला चावतं. कुलूप काढतो ना काढतो तोच शेजारच्या दवाखान्यातला कंपाउंडर ट्यूब घेऊन आला. "अर्जंट लावा भाऊ. लकवा आहे. चौतीस वर्षांचा पोरगा."

रक्त गोठू दिलं, सेंट्रिफ्यूज फिरवलं, ट्यूब काढून ट्यूबलाइटसमोर धरली. खाली रक्त नेहमीसारखंच काळपट लाल. वर पिवळसर, आरपार दिसणारं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणारं पाणी, असायला हवं, तिथे चक्क ताक. ट्यूबमागे धरलेलं माझंच बोट मला दिसेना.

मशीनने आकडे दिले: कोलेस्टेरॉल 190, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल 36, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी 540. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, आमच्यासारख्या लहान लॅबमध्ये बहुतेक वेळा मोजत नाहीत, गणिताने काढतात. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचं, ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करायचा. फ्रीडवॉल्डचं 1972 सालचं सूत्र. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेलं की ते चालत नाही, हे मला डीएमएलटीपासून, म्हणजे लॅबच्या डिप्लोमापासून, पाठ आहे. तरी सॉफ्टवेअरने एलडीएल 46 छापलं आणि मी खाली सही ठोकली. घाई होती, हे कारण मी स्वतःला बरेच दिवस दिलं.

पेशंट तोवर जळगावच्या वाटेवर होता. डॉक्टरांनी माझ्या रिपोर्टची वाट बघितली नाही, हे फार बरं केलं. सीटी स्कॅन करून, मेंदूत रक्तस्राव नाही ना हे बघून, साडेचार तासांच्या आत रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन मिळालं. पहाटे पाचला तो शेतात शेकोटीपाशी गप्पा मारत होता. बोलता बोलता जीभ अडखळली, तोंड वाकडं झालं, उजव्या हातातली बिडी खाली पडली. चुलतभावाने तिथूनच गाडीत घातला. नाहीतर आमच्याकडे आधी तेल चोळणारा शोधतात.

रिपोर्ट न्यायला म्हातारा बाप थांबला होता. कागदावरचा लाल आकडा त्याने बोटाने दाखवला. "मना आंडोरना रगतमा काय निंघनं, भाऊ?"

"चरबी फार आहे," मी म्हणालो.

एवढंच बोललो, पण त्या दिवसापासून गावात निकाल लागला. आदल्या रात्री भरीत पार्टी होती. हिरवी वांगी, शेंगदाण्याचं तेल वर तरंगतंय, कळण्याच्या पुऱ्या. भरताने घात केला! त्याच्या बायकोने घरातलं तेलच बंद केलं, सात वर्षांच्या पोराच्याही ताटातलं.

आठवड्याने जळगावहून हृदयरोगतज्ज्ञांचा फोन आला. सॅम्पल उपाशीपोटीचं होतं का? पार्टीचं जेवण रात्री एकला झालेलं, रक्त घेतलं सकाळी सहाला. म्हणजे मी उजेडात धरलं होतं ते बव्हंशी भरीतच होतं, आतड्यातून रक्तात उतरलेलं. बारा तास उपाशी ठेवून त्यांनी पुन्हा तपासलं: ट्रायग्लिसराइड 165, कोलेस्टेरॉल 178, एचडीएल 38. त्याच सूत्राने एलडीएल 107. अशी माणसं माझ्या लॅबमधून रोज दहा जातात. मानेच्या रक्तवाहिन्या स्वच्छ, ईसीजी साफ. "मग मेंदूत गाठ आली कुठून?" मी विचारलं. ते म्हणाले, "गुरुवारी या, बघा."

भाच्यावर लॅब सोपवून गेलो. तपासणी म्हटली तर साधी. दोन सिरिंज एकमेकींना जोडलेल्या, त्यात सलाईन, थोडी हवा आणि त्याचंच थोडं रक्त. ते इकडून तिकडे, तिकडून इकडे ढकलत फेस आणायचा आणि हाताच्या शिरेत सोडायचा. एकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, पडद्यावर हृदयाची उजवी बाजू पांढरीफेक झाली. हे बुडबुडे फुप्फुसातच जिरायला हवेत, डावीकडे एकही दिसता कामा नये. "कुंथून धरा... सोडा." एक ठोका, दोन ठोके, आणि बोंडातून कापूस उडावा तसे पाच-सहा ठिपके डावीकडे आले. मग आणखी. म्हणजे हृदयाच्या मधल्या भिंतीत छिद्र होतं.

हृदयात छिद्र म्हटलं की माझ्या डोळ्यापुढे निळ्या नखांची पोरं येतात. त्यांचं हिमोग्लोबिन वीसच्या वर, रक्त सिरिंजमध्ये ओढताना जड लागतं. त्यांना लकव्याच्या झटक्याची भीती असते ती त्या दाट रक्ताने आणि लोहाच्या कमतरतेने. कोलेस्टेरॉल उलट बहुधा कमीच भरतं. हा गडी मात्र केळीचे घड खांद्यावर वाहणारा, गोरागोमटा. त्याचं छिद्र म्हणजे आईच्या पोटात प्रत्येकाला असणारं दारच, फोरामेन ओव्हेल. जन्मल्यावर ते मिटतं. चारातल्या एकाचं नीट मिटत नाही आणि बहुतेकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही.

याला लागला, कारण लकव्याच्या आदल्याच दिवशी तो दिल्लीला केळी उतरवून ट्रक घेऊन परतला होता. तीस-तीस तास एका जागी बसून. पोटरीच्या शिरेत गाठ सापडलीच. एरवी ती फुप्फुसात गेली असती. तिचा तुकडा या दारातून डावीकडे सरकला आणि मेंदूत पोचला. रक्त पातळ करणारी गोळी सुरू झाली. छिद्र छत्रीसारख्या उपकरणाने बुजवायचं का, ते पुढे ठरणार होतं. 2017 साली आलेल्या मोठ्या चाचण्यांनंतर साठीच्या आतल्या निवडक पेशंटना तसं सुचवतात.

चरबी अगदीच निर्दोष सुटली असंही नाही. लायपोप्रोटीन-ए नावाची तपासणी त्यांनी बाहेर पाठवली होती, ती आली 71; पन्नासच्या वर जास्त धरतात. ती वारशाने येते, तेल सोडून उतरत नाही. आमच्या नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ती नसतेच. बापाचीही करून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं.

मी नवा रिपोर्ट छापला. एलडीएलच्या जागी 'गणित लागू नाही' असं लिहिलं, 'जेवणानंतरचा नमुना' असा शेरा मारला आणि स्वतः पेशंटच्या घरी नेऊन दिला. जुना परत मागितला. वहिनींनी तो लॅमिनेट करून ठेवला होता, 540 वर पिवळा मार्कर. "राहू द्या भाऊ, डॉक्टरले दाखवाले लागतो." मग तेलाचं समजावून सांगितलं. पोरगा दारात उभा राहून ऐकू राहिला होता.

तीन महिन्यांनी पेशंट स्वतः रक्त द्यायला आला, बोलताना अजून शब्द शोधत. टेबलावर फाईल ठेवली. उघडली तर सगळ्यात वर तोच चकचकीत कागद, खाली माझी सही.