डॉक्टरांच्या वहीतली ब्राँझची मॅडोना

रविवार, रात्री

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातले 'केल्लिनी मॅडोना' हे गोल उठावशिल्प गेले काही दिवस डोक्यातून जात नाही. व्यास जेमतेम २८.५ सेंटिमीटर, बाळ येशूला घेतलेली मेरी, भोवती चार देवदूत, ब्राँझवर सोन्याचा मुलामा. हे काम पंधराव्या शतकातला फ्लॉरेन्सचा शिल्पकार दोनातेल्लो याचे, असे आज जवळजवळ निःशंकपणे म्हटले जाते. एवढी खात्री आली कुठून, हे स्वतःपुरते मांडून पाहावे म्हणून आज लिहायला बसलो.

लहान ब्राँझशिल्पांच्या बाबतीत अशी खात्री दुर्मीळच असते. मूळ नमुन्यावरून साचा घेतला की त्यातून मेणाच्या प्रती काढता येतात, त्या प्रतींवरून धातूचे ओतकाम करता येते, आणि हे सारे शिष्यांच्या हातून, कधी गुरूच्या मृत्यूनंतरही, होऊ शकते. दोनातेल्लोच्या भोवती तर बर्तोल्दो आणि उत्तर इटलीतल्या पादुआ शहराचा बेल्लानो यांच्यासारखे ब्राँझमध्ये मुरलेले कलावंत वावरलेले होते. त्यामुळे चेहऱ्याची ठेवण आणि वस्त्रांच्या चुण्या पाहून दिलेला निर्णय कितीही जाणकाराचा असला, तरी दुसरा जाणकार तो खोडून काढू शकतो.

इथे मदतीला आली ती एका वैद्याची हिशेबाची वही. जोव्हान्नी केल्लिनी हे फ्लॉरेन्समधले नामांकित वैद्य दोनातेल्लोवर उपचार करत होते. २७ ऑगस्ट १४५६ च्या नोंदीत त्यांनी लिहून ठेवले आहे की, केलेल्या उपचारांची उतराई म्हणून दोनातेल्लोने त्यांना ताटाएवढे गोल ब्राँझशिल्प भेट दिले; त्यावर मेरी, बाळ आणि बाजूंना देवदूत कोरलेले आहेत, आणि पाठीमागची बाजू अशी खोलगट केली आहे की तिच्यात वितळलेली काच ओतली असता तीच चित्रे काचेत उमटावीत. (या वैद्यबुवांचा संगमरवरी अर्धपुतळा अंतोनियो रोस्सेल्लिनोने त्याच वर्षी घडवला आणि तोही आज याच संग्रहालयात आहे, हा योगायोग मला फार आवडतो.)

नोंद विसाव्या शतकात अभ्यासकांसमोर आली, आणि इंग्लंडमधल्या एका खासगी संग्रहातून १९७६ मध्ये संग्रहालयाने विकत घेतलेल्या या शिल्पाची पाठ तिच्याशी तंतोतंत जुळते. पुढे जे उठावात आहे तेच मागे खोलगट उमटलेले आहे. मेरी आणि बाळ हा विषय त्या काळी घराघरांत होता, गोल आकारही नवा नव्हता; मात्र काच ओतण्यासाठी अशी पाठ घडवणे इतके विरळ आहे की तेवढ्या एका खुणेवर वहीतले शिल्प आणि हातातले शिल्प एकच ठरते. समोरच्या बाजूवर वर्षानुवर्षे वाद घालता आला असता. पाठीने तो मिटवला.

पूर्ण मिटवला का? नोंद बारकाईने वाचली तर केल्लिनी एवढेच सांगतात की दोनातेल्लोने शिल्प दिले; ते त्याने स्वतः घडवले, असे तिथे लिहिलेले नाही. म्हणजे कागद आपल्याला कलावंताच्या दारापर्यंत आणून सोडतो, आणि पुढची वाट पुन्हा डोळ्यांनीच चालावी लागते. ब्राँझच्या उथळ जाडीत आकृती एकमेकींमागे रचून खोलीचा भास निर्माण करणे हे दोनातेल्लोचे कसब आहे, आणि इथली रचना त्याच कसबाची आहे, असे माझे मत आहे. शिवाय कृतज्ञता म्हणून आपल्या वैद्याला शिष्याचे काम देणारा हा माणूस मला तरी वाटत नाही.

तारखेचा प्रश्न मात्र वेगळा ठेवायला हवा. १४५६ हे भेटीचे वर्ष आहे, घडणीचे नव्हे. १४४३ पासून सुमारे दहा वर्षे दोनातेल्लो पादुआत होता, आणि तिथून काचेसाठी प्रसिद्ध असलेले व्हेनिस हाकेच्या अंतरावर आहे. काचेच्या प्रतींची कल्पना त्याला तिकडेच सुचली असणे संभवते. संग्रहालयाने शिल्पाचा काळ १४५० च्या सुमाराचा धरला आहे, आणि हा अंदाज मला पटतो.