तुम्ही विचारलंत म्हणून: जूनमध्ये परत शिरा कसला?

आमच्या मजल्यावरच्या काकू, तीन पिढ्या बडोद्यात गेलेल्या, दरवर्षी जूनमध्ये विचारतात, अगं लेकीचा वाढदिवस एप्रिलमध्येच झाला ना, मग आज परत शिरा कसला? बाप्तिस्म्याच्या वाढदिवसाचा, म्हणजे चर्चमध्ये पाणी घालून तिला ख्रिस्ती करून घेतलं त्या तारखेचा, म्हटलं की म्हणतात, म्हणजे आमचं बारसंच की!

अर्धं बरोबर आहे. विधीच्या सुरुवातीला फादर आईबापाला हेच विचारतात, बाळाचं नाव काय ठेवलंत? पण नावाचं काम तिथेच संपतं. पुढे डोक्यावर तीनदा पाणी, टाळूला सुगंधी तेल, पांढरा झगा आणि पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, मोठ्या मेणबत्तीवरून पेटवलेली एक छोटी मेणबत्ती. ती आम्ही जपून ठेवतो, पण बडोद्याचा मे म्हणजे काय ते तुम्हाला माहितीये, एका उन्हाळ्यात कपाटात वरच्या कप्प्यात ती चक्क केळ्यासारखी वाकली. नवऱ्याने कोमट पाण्यात धरून सरळ केली तरी मधे थोडं पोक राहिलंच. आता मे लागला की ती फ्रीजमध्ये, कोथिंबिरीच्या डब्यामागे.

दर जूनमध्ये बाप्तिस्म्याच्या तारखेला दिवेलागणीला ती पेटवतो, पाचच मिनिटं, पुरवायचीये ना. सगळे लेकीच्या कपाळावर बोटाने क्रूस काढतात, गॉडमदर, म्हणजे बाप्तिस्म्यातली तिची मानलेली आई, व्हिडिओ कॉलवर, आणि मग तेच जुने प्रश्न, सैतानाचा त्याग करतेस का, देवावर श्रद्धा आहे का. तेव्हा उत्तरं आम्ही आणि गॉडपेरेंट्सनी दिली होती, आता ती स्वतः देते. धाकट्याने एकदा मधेच विचारलं, सैतानात ताई पण येते का? केक मात्र नाही, केक आला की गिफ्ट येतं आणि गिफ्ट आलं की रिटर्न गिफ्ट.

खरी पंचाईत तारखेची. पोप फ्रान्सिसनी 8 जानेवारी 2014 ला जमलेल्या लोकांना विचारलं होतं, तुमच्या बाप्तिस्म्याची तारीख कोणाकोणाला आठवते? आणि घरी जाऊन शोधा म्हणून होमवर्कच दिला. आमच्या सासूबाई श्रीरामपूरकडच्या, त्यांना एवढंच ठाऊक की ज्वारीची काढणी चालू होती. लग्नाच्या वेळी सर्टिफिकेट काढलेलं, ते कुठे गेलं देव जाणे. पण चर्चच्या रजिस्टरमध्ये नोंद राहतेच, तारीख, आईबाप, गॉडपेरेंट्स सगळं, म्हणून मी गावच्या फादरना फोन केला तर त्यांनी दोन दिवसांत पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. 2 मार्च. सासूबाईंनी चष्मा लावून फोटो मोठा केला आणि गॉडमदरच्या नावावर बोट थांबलं. ज्या घराशी शेताच्या बांधावरून यांच्या घरच्यांचं तीस वर्षं बोलणं बंद होतं, तिथलीच बाई. आईवडिलांनी कधी सांगितलंच नव्हतं.

बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, तिच्या नातीचा नंबर मिळेल का गं कुणाकडून?