कंबर बोलतेय, पण मन खूश
आज पोखऱ्यात फेवा तळ्यातून होडीने ताल बाराहीच्या देवळात जाऊन आलो. ‘परदेश’ म्हटल्यावर पोटात गोळा येणारी आमची ही आता पुढच्या वर्षीचं ठरवतेय! नेपाळला आपल्याला व्हिसा नको, पासपोर्टचीही सक्ती नाही. आम्ही मतदार ओळखपत्रावर विमानात बसलो. आपल्या १०० रुपयांचे इथले १६०. शंभराच्या नोटा दुकानदार तशाच घेतात.

चूक एकच. काठमांडूहून बसने आलो. २०० किलोमीटरला अख्खा दिवस गेला. साठीनंतर तिथे पैसे वाचवू नका, सरळ विमानाने या. आणि बीपीच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत ठेवा. माझ्या बॅगेत होत्या, अन् बॅग बसच्या टपावर!