तुम्ही विचारलंत म्हणून: नुकते जन्मलेले बाळ पापी कसे?

शाहूपुरीतले शेजारी असोत की मुलांच्या मित्रांचे आईवडील, आमच्याकडच्या एखाद्या बाळाच्या बाप्तिस्म्याला येऊन गेल्यावर ते हमखास विचारतात, की ज्याला अजून मान धरता येत नाही ते बाळ पापी आहे असे तुम्ही ख्रिस्ती लोक कसे मानता? प्रश्न रास्त आहे आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवे.

बाळाने स्वतः काही वाईट केले, असे आम्ही म्हणत नाही. उताराच्या रानात पाणी सोडले की ते न सांगता एकाच अंगाला धावते, तसा माणसाचा स्वभाव जन्मतःच स्वतःच्या बाजूला कललेला असतो, हे मूळ पापाच्या शिकवणीचे सार आहे. देवाची आज्ञा मोडणारा पहिला माणूस आदाम; त्याच्याकडून हा कलच तेवढा आला की त्याच्या पापाचा दोषही आला, यावर मात्र ख्रिस्ती परंपरांत मतभेद आहेत. पाश्चात्त्य चर्चच्या विचाराला वळण देणाऱ्या ऑगस्टीनने (३५४–४३०) दोषही येतो असे म्हटले, तर पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरेने मरण आणि बिघडलेली प्रकृती यांवरच भर दिला. मी ज्या प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट परंपरेत वाढलो, तिचे १६४६ सालचे वेस्टमिन्स्टर विश्वासपत्र ऑगस्टीनच्याच बाजूचे आहे. तरीही ‘मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही’ या अर्थाचे बायबलमधले यहेज्केल संदेष्ट्याचे वचन मला बाजूला सारता येत नाही.

मोहाविषयी मात्र माझ्या मनात संदिग्धता नाही. मनात वाईट विचार आला म्हणजे पाप घडलेच, असे समजून झुरणारी तरुण मुले मी आमच्या चर्चच्या मंडळीत पाहिली आहेत आणि त्यांच्याविषयी मला फार कळकळ वाटते. येशूला अरण्यात चाळीस दिवसांच्या उपवासानंतर मोह घातला गेला, भाकरीचा मोहसुद्धा, आणि तरी तो निष्पाप राहिला. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात क्रम स्पष्ट आहे: वासना ओढते, ती गर्भवती होऊन पापाला जन्म देते. ओढ जाणवणे आणि तिला होकार देणे यांत अंतर आहे, आणि माणसाचा सगळा झगडा त्या अंतरातच चालतो.

ही शिकवण माणसाचा अपमान करते, असेही काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर यांनी १८५२ साली कोल्हापुरात मिशनचे काम सुरू केले. पुढे या भागात जे ख्रिस्ती झाले, त्यांत गावकुसाबाहेर ठेवलेली पुष्कळ घराणी होती. जन्मामुळेच ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या विटाळाचे ठरवले गेले, त्यांना ‘सर्वांनी पाप केले आहे’ असे बायबलमध्ये प्रेषित पौल सांगतो, तेव्हा विटाळ मानणाराही त्याच ‘सर्वांनी’त येतो आणि जन्माने शुद्ध असा कोणी उरतच नाही.